ज्यांना शाळा ‘ढ’ म्हणाली, त्यांच्यासाठी टिनचे डबे आणि सुतारकाम घेऊन उभ्या राहिलेल्या फॅरेल बाई

मराठी शाळेत ज्या पोराला काही येत नाही, त्याचा निकाल एका अक्षरात लागतो. ढ. एकदा हा शिक्का बसला की पोरगं मागच्या बाकावर जातं, मग ड तुकडीत जातं आणि बऱ्याचदा शाळेबाहेरच जातं. पण त्याला खरंच कळत नाही, की बाई बोलतात ती भाषाच त्याच्या घरात कुणी बोलत नाही? की फळा दिसत नाही? की रात्रभर आईसोबत शिवणकाम केल्यामुळे डोळे मिटतायत?

सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधल्या एका बाईंना हाच प्रश्न पडला होता. त्यांचं नाव एलिझाबेथ फॅरेल. अमेरिकेत विशेष शिक्षणाचा इतिहास सांगताना हे नाव अगदी सुरुवातीला येतं. सरकारी शाळेत अशा मुलांसाठी वर्ग काढणाऱ्या, त्याचं खातं उभं करणाऱ्या आणि पुढे या क्षेत्रातली देशातली सगळ्यात मोठी संघटना सुरू करणाऱ्या त्या बाई.

फॅरेल यांचा जन्म 1870 चा. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावचा. शिक्षण तिथल्याच कॅथलिक शाळेत झालं आणि पुढे शिक्षिका व्हायचं म्हणून त्या ऑस्वेगोच्या अध्यापक विद्यालयात गेल्या. हे विद्यालय त्या काळी सगळ्या अमेरिकेत गाजलेलं होतं. कारण तिथे घोकंपट्टीवर भर नसायचा. वस्तू हातात द्यायची, मुलाने ती बघायची, चाचपायची, मोजायची आणि मग तिच्याबद्दल बोलायचं, अशी तिथली पद्धत. 1895 ला फॅरेल तिथून बाहेर पडल्या आणि ओनायडा कॅसल नावाच्या खेड्यात शिकवू लागल्या.

खेड्यातली शाळा म्हणजे एकच खोली. सहा वर्षांचं पोर आणि चौदा वर्षांचा दांडगा एकाच छपराखाली. कुणी बाराखडीवर, कुणी भागाकारावर. इयत्ता वगैरे भानगड नाही. ज्याला जिथून जमेल तिथून त्याने पुढे जायचं. एकशिक्षकी शाळा बघितलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. शहरातले शिक्षणतज्ज्ञ अशा शाळांना मागास म्हणायचे. फॅरेल यांनी मात्र ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवली. वर्गाने मुलापुरतं बदलायचं असतं आणि ते जमतं.

शहर, बोटी आणि तुंबलेले वर्ग

थोड्याच दिवसांत त्या न्यूयॉर्कला आल्या. 1892 साली एलिस बेटावर नवं तपासणी केंद्र सुरू झालं होतं आणि युरोपातून बोटी भरभरून माणसं येत होती. रशियाच्या साम्राज्यातून जीव वाचवून आलेले ज्यू, दक्षिण इटलीतले शेतमजूर, हंगेरी, पोलंडकडचे लोक. यातले बरेचसे मॅनहॅटनच्या दक्षिणेकडच्या लोअर ईस्ट साइड या भागात उतरायचे. मुंबईतल्या चाळी डोळ्यांसमोर आणा आणि त्याहून अंधाऱ्या खोल्यांची कल्पना करा. या भागातल्या एका वॉर्डात 1900 च्या आसपास एकरी 700 च्या पुढे माणसं राहत होती.

घरात यिडिश किंवा इटालियन. शाळेत फक्त इंग्रजी. दुपारी पोरं कपड्यांना बटणं लावायची, कागदी फुलं बनवायची, रस्त्यावर पेपर विकायची. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा होता, त्यामुळे मुलांना शाळेत घालावं लागे. पण शाळेची तयारी काहीच नव्हती. एकेका वर्गात पन्नास-साठ पोरं. जो मागे पडला तो त्याच इयत्तेत पुन्हा बसायचा. मग पुन्हा. बारा वर्षांचा मुलगा सात वर्षांच्या मुलांच्या बाकावर गुडघे अडकवून बसलेला, हे नेहमीचं दृश्य होतं.

हे किती पसरलं होतं, ते न्यूयॉर्कच्या शाळांचे प्रमुख विल्यम मॅक्सवेल यांनी 1904 च्या अहवालात आकड्यात मांडलं. प्राथमिक शाळांतली 39 टक्के मुलं आपल्या इयत्तेच्या मानाने वयाने मोठी होती. मॅक्सवेल स्वतः आयर्लंडमधून आलेले स्थलांतरित. त्यांनी यावर एक तोड काढली, ती म्हणजे खास वर्ग. इंग्रजी अजिबात न येणाऱ्यांसाठी सी वर्ग. वयाची चौदा वर्षं भरत आली आणि आता कामाचा परवाना काढून कारखान्यात जाणार, अशांसाठी डी वर्ग. वय जास्त पण जोर लावला तर इयत्ता गाठतील, अशांसाठी ई वर्ग. सी वर्गाला लोक स्टीमर क्लास म्हणायचे, कारण पोरं जणू स्टीमरवरून उतरून थेट तिथेच येत.

पण या तिन्हीत न बसणारी पोरंही होती. आणि फॅरेल यांची कथा तिथेच सुरू होते. खरं तर मॅक्सवेल यांचे हे वर्ग निघण्याच्या काही वर्षं आधीच.

शाळा क्रमांक 1 मधला वर्ग

1899 साली हेन्री स्ट्रीटवरच्या शाळा क्रमांक 1 मध्ये फॅरेल यांनी एक वर्ग सुरू केला. मोठी शाळा, आणि तिच्यात कुठल्याच बाईंना नको असलेली मुलं. वय आठ ते सोळा. काही वयाने थोराड, काही मारामाऱ्या करणारी, काही महिनोन्‌महिने शाळेला दांडी मारणारी, काही खरोखरच मतिमंद म्हणता येतील अशी. सगळी एका खोलीत. कुठलाही सिद्धांत डोक्यात ठेवून हा वर्ग निघाला नव्हता. ज्यांचं शाळेशी जमत नाही ती पोरं, एवढी एकच अट.

या पोरांना पुस्तक दिसलं की आपण कितव्यांदा नापास झालो ते आठवायचं. म्हणून बाईंनी पुस्तकं बाजूला ठेवली आणि टिनचे डबे आणले. शब्दलेखनाच्या वहीऐवजी चित्रांची कोडी आली. अक्षर गिरवण्याच्या जागी जलरंग आणि ब्रश. पाढ्यांच्या जागी लाकूड, करवत, हातोडी. फळी कापायची तर मोजावी लागते, मोजायची तर आकडे लागतात. बेरीज अशी मागच्या दाराने आत यायची. ऑस्वेगोत शिकलेली पद्धत आणि ओनायडा कॅसलची एक खोली, दोन्ही इथे कामाला आल्या. वर्गाचं नावही त्यावरूनच पडलं. अनग्रेडेड क्लास, म्हणजे इयत्ता नसलेला वर्ग.

नावाकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. मूर्खांचा वर्ग, दुबळ्यांचा वर्ग अशी नावं त्या काळात सर्रास दिली जात, सरकारी कागदांवरसुद्धा. या वर्गाच्या नावात मुलाबद्दल काहीच नाही. जे आहे ते वर्गाबद्दल.

यात फॅरेल एकट्या नव्हत्या. त्याच रस्त्यावर 265 क्रमांकाच्या घरात लिलियन वॉल्ड यांनी परिचारिकांची वसाहत उभी केली होती. हेन्री स्ट्रीट सेटलमेंट. शिकलेल्या बायका गरिबांच्या वस्तीत येऊन राहायच्या आणि तिथलेच प्रश्न हातात घ्यायच्या. फॅरेलही तिथे राहू लागल्या. शिक्षण मंडळाकडे वजन वापरायचं काम वॉल्ड यांचं. सरकारी यादीत नसलेलं सामान, मुलांसाठी दूध, अशा गोष्टी सेटलमेंटकडून यायच्या. उपाशी पोराला शिकवून उपयोग नाही, हे दोघींनाही कळत होतं.

याच घरातून आणखी एक गोष्ट निघाली. त्या काळी शाळेत डॉक्टर यायचे आणि डोळे आलेल्या, खरूज झालेल्या, उवा असलेल्या पोरांना घरी पाठवायचे. बस. पुढे त्यांचं काय, हे कुणी विचारत नसे. वॉल्ड यांना डोक्यावर इसब झालेला एक बारा वर्षांचा मुलगा भेटला. तेवढ्या कारणावरून शाळेने त्याला दर वेळी परत पाठवलेलं आणि त्यामुळे त्याला अक्षरओळखही नव्हती. रोज मलम लावून ते बरं करता येण्यासारखं होतं. 1902 मध्ये वॉल्ड यांनी आपली एक परिचारिका, लिना रॉजर्स, शाळांना उसनी दिली. सप्टेंबर 1902 मध्ये आजारपणामुळे घरी पाठवलेल्या मुलांची संख्या होती 10,567. पुढच्या सप्टेंबरमध्ये ती 1,101 वर आली. जी हजारो मुलं मागे पडणारी म्हणून मोजली गेली असती, त्यांना फक्त औषध हवं होतं.

फॅरेल यांच्या कामावर याची छाप शेवटपर्यंत दिसते. मुलाला बुद्धीचं लेबल लावण्याआधी त्याचे डोळे तपासा, कान तपासा, घर बघून या.

पण हेही तितकं सरळ नव्हतं. नाकामागे वाढलेल्या गाठींमुळे, म्हणजे अॅडेनॉइड्समुळे, मुलं मंद होतात असं तेव्हाचे डॉक्टर मानत. जून 1906 मध्ये लोअर ईस्ट साइडच्या एका शाळेत डॉक्टरांनी पोरांच्या या गाठी काढल्या. मुलं घरी गेली ती तोंडातून रक्त येत असलेली. या घरांमध्ये शाळेची इंग्रजी चिठ्ठी वाचणारं माणूस म्हणजे बऱ्याचदा ते शाळकरी पोरच. त्यात रशियात ज्यूंच्या कत्तली चालू असल्याच्या बातम्या त्याच दिवसांत येत होत्या. डॉक्टर पोरांचे गळे कापतायत अशी अफवा उठली आणि हजारो आया शाळांवर चालून गेल्या. खिडक्या फुटल्या, पोलीस बोलवावे लागले. त्या आयांना वेड्यात काढणं सोपं आहे. त्यांच्या पोराचं काय करणार आहेत, हे त्यांच्या भाषेत त्यांना समजावून सांगणं हे खरं काम होतं, आणि ते झालं नव्हतं.

एका वर्गाचं खातं झालं

त्याच वर्षी, 1906 मध्ये, न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने अशा वर्गांसाठी स्वतंत्र विभाग केला आणि फॅरेल यांना त्याच्या निरीक्षक नेमलं. पुढची जवळपास पंचवीस वर्षं त्या हेच काम करत राहिल्या. काही वर्षांतच वर्गांची संख्या शंभरावर गेली. शिक्षिका शोधणं, त्यांना शिकवणं, मुलांची तपासणी, वर्ग कुठल्या शाळेत काढायचा याची भांडणं. मुख्याध्यापकांना हा वर्ग म्हणजे नकोशी पोरं ढकलायची जागा वाटायची. बाईंचं म्हणणं असं की नीट तपासल्याशिवाय कुणालाही इथे पाठवायचं नाही, आणि जो परत नेहमीच्या वर्गात जाऊ शकतो त्याला परत पाठवायचं. 1915 पासून त्यांच्या लोकांनी अनग्रेडेड याच नावाचं मासिकही काढलं.

आणि मग त्यांच्या समोर आले हेन्री गोडार्ड.

गोडार्ड हे न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथल्या संस्थेत संशोधक होते. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1905 ला एक चाचणी बनवली होती. पॅरिसच्या शाळांत कुठल्या मुलाला जादा मदत लागेल हे ओळखायचं, एवढाच तिचा हेतू. 1908 मध्ये गोडार्ड यांनी ती इंग्रजीत आणली आणि तिचा अर्थच बदलून टाकला. बुद्धी जन्मजात असते, ती बापाकडून पोराकडे जाते, मोजता येते आणि बदलत नाही, असं ते मानत. ‘मोरॉन’ ही शिवी आज जगभर दिली जाते, तो शब्दही त्यांनीच 1910 मध्ये शास्त्रीय संज्ञा म्हणून घडवला.

न्यूयॉर्कच्या शाळांची मोठी चौकशी निघाली, तेव्हा अनग्रेडेड वर्ग तपासायचं काम गोडार्ड यांच्याकडे गेलं. त्यांचा निष्कर्ष होता की शहराच्या शाळांत सुमारे 15,000 मुलं दुर्बल बुद्धीची आहेत. एकूण पटाच्या 2 टक्के. वर्ग खूप कमी आहेत हे त्यांचं म्हणणं फॅरेल यांनाही पटण्यासारखं होतं. पण हा आकडा आला कुठून? 1914 मध्ये बाईंनी त्या अहवालाला लेखी उत्तर दिलं आणि त्यातल्या अंदाजांची चिरफाड केली. थोड्या मुलांना एक चाचणी देऊन सगळ्या शहराचा हिशोब मांडायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. ज्या गावच्या शाळांत अर्धी पोरं दुसरी भाषा बोलत वाढली, तिथे तर नाहीच नाही.

ही काही दोन अभ्यासकांची कागदी भांडणं नव्हती. 1907 च्या कायद्याने दुर्बल बुद्धीच्या माणसाला अमेरिकेत प्रवेशबंदी केली होती. गोडार्ड यांच्या मदतनीस बायका एलिस बेटावर गेल्या आणि तिसऱ्या वर्गाने आलेल्या मोजक्या प्रवाशांना दुभाष्यामार्फत हीच चाचणी दिली. समुद्रप्रवासाचे दिवस बोटीच्या तळघरात काढलेली माणसं, त्यातल्या काहींनी आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही, आणि त्यांना सांगितलं की आकृती बघा आणि आठवून काढा. 1917 मध्ये छापलेले निकाल असे: 83 टक्के ज्यू, 80 टक्के हंगेरियन, 79 टक्के इटालियन आणि 87 टक्के रशियन दुर्बल बुद्धीचे.

म्हणजे हेन्री स्ट्रीटच्या पोरांचे आईबापच जवळजवळ सगळे ढ ठरले.

असे आकडे आले की पुढचं तर्कशास्त्र आपोआप येतं. अशा लोकांना देशात घेऊ नका. आत आहेत त्यांना संस्थांमध्ये, वसाहतींमध्ये वेगळं ठेवा. त्यांना मुलं होऊ देऊ नका. 1924 मध्ये दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक कोटा लागला. 1927 मध्ये सक्तीची नसबंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. 1928 ला गोडार्ड यांनी आपली बरीच मतं चुकल्याचं मान्य केलं, पण तोवर कायदे झाले होते.

या वाऱ्यात फॅरेल यांनी एक गोष्ट धरून ठेवली: मूल आपल्या घरी राहील, आपल्या गल्लीतल्या सरकारी शाळेत जाईल आणि तिथेच त्याला लागणारी मदत मिळेल. आज हे साधं वाटतं. तेव्हा शहाणे लोक नेमकं उलट सांगत होते.

त्या काळाच्या पूर्ण बाहेर मात्र त्या नव्हत्या. मंदबुद्धी, सदोष असे शब्द त्यांच्याही लिखाणात आहेत. त्यांच्याही विभागात बुद्धिमापन चाचण्या वापरल्या जात, फक्त निकाल एकट्या चाचणीवर सोडायचा नाही हा त्यांचा आग्रह होता. आणि वर्गाचं नाव कितीही साधं ठेवलं, तरी अनग्रेडेडमध्ये जातो म्हटल्यावर गल्लीतली पोरं काय चिडवायची ते चिडवायचीच. वेगळी खोली म्हणजे मदतही असते आणि शिक्काही. ही गाठ बाईंना सुटली नाही. ती अजूनही कुणाला पूर्ण सुटलेली नाही.

बारा जणांची बैठक

1922 च्या ऑगस्टमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये उन्हाळी वर्ग चालू होते. फॅरेल तिथे शिकवत होत्या. देशातल्या वेगवेगळ्या भागांतून आलेले शिक्षक आपापल्या गावातली गाऱ्हाणी सांगत. प्रत्येक जण एकटाच झगडणारा. त्यातले बारा जण एकत्र आले आणि त्यांनी एक संघटना काढली. पहिल्या अध्यक्षा अर्थात फॅरेल, त्या 1926 पर्यंत त्या पदावर होत्या. आज ही संघटना कौन्सिल फॉर एक्सेप्शनल चिल्ड्रन या नावाने ओळखली जाते.

तेव्हा ठरवलेली उद्दिष्टं तीनच होती. या क्षेत्रातल्या लोकांना एकत्र आणायचं. शिक्षकांसाठी दर्जा ठरवायचा. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, मुलाला ओळखून कप्प्यात टाकण्यापेक्षा त्याला शिकायला काय लागतं याकडे लक्ष द्यायचं. गोडार्ड यांच्या अहवालाला आठ वर्षं उलटून गेली होती, पण उत्तर चालूच होतं.

फॅरेल यांनी लग्न केलं नाही. ऑक्टोबर 1932 मध्ये त्या गेल्या. वय 62. वॉल्ड त्यांच्यानंतर आठ वर्षं जगल्या.

पुढे स्थलांतराचा ओघ बदलला. पोर्तो रिको, मेक्सिको, कॅरिबियन बेटं, चीन. पोरं नवी, चाचणी तीच, भाषाही तीच. 1970 मध्ये कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या नऊ मुलांच्या वतीने खटला उभा राहिला. डायना खटला म्हणून तो ओळखला जातो. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या या मुलांची इंग्रजीत चाचणी घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं. स्पॅनिश बोलणाऱ्या तज्ज्ञाने पुन्हा तपासलं तर नवांपैकी सात जण त्या रेषेच्या वर निघाले. तडजोड झाली आणि मुलाची चाचणी त्याच्या घरच्या भाषेतही घ्यायची, हे राज्याने मान्य केलं. 1975 मध्ये अपंग मुलांच्या शिक्षणाचा देशव्यापी कायदा आला, त्यात मुलाच्या मातृभाषेतल्या चाचणीची अट घातली गेली. एकाच चाचणीवर निर्णय घ्यायचा नाही, हीही.

खुद्द न्यूयॉर्कमध्ये 1979 ला पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. स्पॅनिश बोलणाऱ्या अपंग मुलांना दोन्ही भाषांतून शिकवणारे विशेष वर्ग शहर पुरवत नव्हतं, म्हणून.

शाळा क्रमांक 1 आजही हेन्री स्ट्रीटवर भरते. तो भाग आता चायनाटाउनमध्ये मोडतो आणि तिथल्या बऱ्याच मुलांच्या घरी चिनी बोलली जाते. त्याच रस्त्यावर 265 क्रमांकाचं वॉल्ड यांचं घरही आहे, आणि सेटलमेंटचं काम अजून चालू आहे.